शांघायमधल्या मिंग खुर्च्या आणि आपलं रक्तचंदन

शांघायला जूनच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर असा पाऊस असतो की कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, आणि हिवाळ्यात हीटर लावला की तेच घर कोरडं ठाक. आपल्याकडे कोकणात जुलैत दार फुगून बसतं ना, तसंच इथल्या लाकडाचंही होतं, फुगतं मग आकसतं, दरवर्षी. आणि ह्याच हवेत, ट्रेनने अर्ध्या तासावर असलेल्या सुचौच्या परिसरात, चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळाच्या शेवटी असे सुतार होऊन गेले की त्यांच्या धर्तीच्या खुर्च्या चारशे वर्षांनी आजही सरळ उभ्या आहेत, एक खिळा न मारता.

शांघाय म्युझियममध्ये बघायला मिळतात ह्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, ह्यात काय आहे, साधी तर खुर्ची! कोरीव काम अगदी थोडं, रंग नाही, फक्त मेण घासून आणलेली चमक. सगळी कारागिरी आत लपवलेली आहे आणि मला तर त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

घोड्याच्या नालासारख्या गोल पाठीची जी खुर्ची असते, क्वानयी म्हणतात तिला, तिचा वरचा गोल दांडा बघा. पाठीपासून हातांपर्यंत एकसंध वाहत आल्यासारखा दिसतो, पण तो तीन किंवा पाच तुकड्यांचा असतो. अख्खा गोल एकाच फळीतून कापला तर लाकडाचे रेषे काही ठिकाणी आडवे जातात आणि नेमका तिथेच तो मोडतो, म्हणून तुकडे. दोन्ही टोकं अर्धी अर्धी कापून एकमेकांवर बसवायची, टोकाला बारीकशी जीभ ठेवायची म्हणजे बाजूला सरकणार नाही, आणि मग मधोमध एक निमुळती चौकोनी पाचर ठोकायची. पाचर जशी आत जाते तसे दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात आणि सांधा इतका घट्ट बसतो की बोट फिरवलं तरी कळू नये. आणि दुरुस्ती करायची असेल तर पाचर काढून सगळं परत सुटं करता येतं!!

पुढचे पाय बैठकीच्या चौकटीतून आरपार वर जातात आणि तेच हाताचे खांब होतात. पाय खाली किंचित फाकलेले असतात, त्यामुळे खुर्ची भक्कम उभी राहते. पायांमधल्या आडव्या पट्ट्यांपैकी पुढची सगळ्यात खाली, बाजूच्या जरा वर आणि मागची सगळ्यात वर, हे दिसायला छान आहेच पण खरं कारण असं की सगळ्या खाचा एकाच उंचीवर पाडल्या तर पाय तिथे कमकुवत होतो. बसायला वेताची वीण, चौकटीच्या आतल्या कडेला बारीक भोकं पाडून त्यातून ओवलेली. बैठक साधारण 50 सेंटीमीटर उंच, म्हणजे आपल्या नेहमीच्या खुर्चीपेक्षा उंच, कारण पाय पुढच्या पट्टीवर ठेवायचे, थंड फरशीवर नाही.

म्युझियममधल्या अशा फर्निचरच्या 79 वस्तू वांग शिश्यांग (1914–2009) ह्या एका माणसाने जमवलेल्या. बीजिंगमध्ये जुन्या बाजारातून, लोकांच्या घरातून, जे मिळेल ते आणायचे, घर फर्निचरने भरून गेलेलं. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांना हुपेई प्रांतात शेतावर राबायला पाठवलं, तरी परत येऊन त्यांनी ह्या विषयावरचा मोठा ग्रंथ 1985 मध्ये छापला. पुढे संग्रह विकताना अट घातली की विकत घेणाऱ्याने तो सगळाच्या सगळा म्युझियमला द्यायचा. आज लिलावात ह्या खुर्च्यांना काय भाव येतो बघा, 2015 मध्ये न्यूयॉर्कला चार खुर्च्यांचा एक संच जवळजवळ 97 लाख डॉलरला गेला. वांग शिश्यांगबद्दल मला फार आदर वाटतो.

आता लाकूड. मिंग काळातलं लाडकं लाकूड म्हणजे हैनान बेटावरचं हुआंगहुआली, सोनेरी-तपकिरी, वासाचं, आणि हे आपल्या शिसवाच्याच कुळातलं आहे. मिंगनंतर आलेल्या छिंग बादशहांच्या दरबारात झितान आलं, जांभळट काळं, इतकं जड की पाण्यात बुडतं. आणि हे झितान म्हणजे आपलं रक्तचंदन! आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरातलं. फर्निचरच्या लाकडांच्या 2000 सालच्या चिनी मानकात झितान म्हणून तेच झाड दिलंय. त्याची तस्करी अजून चालते आणि ती झाडं आज धोक्यात आहेत, हे वाचलं की फार वाईट वाटतं, कारण एवढ्या कारागिरीचा मान ठेवायचा तर झाडं पण राहायला हवीत ना. म्हणून नवीन झितानची खुर्ची कितीही सुंदर असली तरी मी घेणार नाही, जुन्याच बघेन.

आणि एक, तुमच्यापैकी कुणाच्या वाड्यात आजोबांच्या वेळची शिसवी खुर्ची असेल तर ती जरा उलटी करून खालचे सांधे कसे जोडलेत बघा, पाचर आहे की खुंटी की नुसताच डिंक, आणि फोटो काढून मला नक्की पाठवा.