सहा मायक्रॉन

भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, एवढ्या लांब जाऊन तू लेथ चालवायला शिकतोयस?"

हो रे, लेथच, धातू फिरवत कापायचं यंत्र. आणि पहिले तीन आठवडे तर तोही नाही. मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजीच्या आमच्या अभ्यासक्रमाची सुरुवात मोजण्यापासून झाली. आधी मोजता आलं पाहिजे, मग कापा, असा शिरस्ता.

पहिल्या दिवशी समोर आल्या त्या स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीची मोजमापाची मापं. पोलादाच्या, आरशासारख्या चकचकीत वड्या. दोन वड्या स्वच्छ पुसायच्या, एकीवर दुसरी ठेवून किंचित दाबत, फिरवत सरकवायची. एका क्षणी सरकणं जड होतं आणि त्या एकमेकींना घट्ट धरतात. वरची उचलली की खालची तिच्याबरोबर येते. ना चुंबक, ना गोंद. स्वीडनमधल्या बंदुकांच्या कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सनला १८९६ साली ही कल्पना सुचली. त्याच्या १०२ वड्यांच्या संचातून २०,००० वेगवेगळी मापं जुळवता येत. मी दोन वड्या जुळवून हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात आमचे प्रशिक्षक म्हणाले, "खाली ठेव. तुझ्या हाताच्या उबेने त्या वाढतायत." तेव्हा ते मला अतिशयोक्तीचं वाटलं.

बाकी वेळापत्रक बघितलंत तर विषय ओळखीचेच वाटतील. ड्रॉइंग, मटेरियल, वेल्डिंग, सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारी यंत्रं). सीएनसीचे पहिले प्रोग्राम हाताने, ओळ-ओळ लिहायचे. जी ०० म्हणजे टूल हवेतून वेगाने न्यायचं, जी ०१ म्हणजे ठरलेल्या फीडने, टूल पुढे सरकण्याच्या वेगाने, सरळ रेषेत कापायचं. या दोहोंत गफलत झाली तर टूल पूर्ण वेगात जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आदळतं, म्हणून आधी जॉब न लावता रिकामी फेरी. क्वालिटीच्या तासाला कंट्रोल चार्ट, म्हणजे मापं मर्यादेत राहतात का ते दाखवणारा आलेख, जो वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये मांडला.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र वेळापत्रकात दिसत नाही. ज्याने ड्रॉइंग काढलं त्यानेच जॉब करायचा, त्यानेच मोजायचा आणि तपासणीच्या कागदावर सहीही त्यानेच करायची. दोष ढकलायला दुसरा विभागच नाही.

माझा प्रोजेक्ट होता पत्रा वाकवायचं छोटं यंत्र, हाताने फिरवायचे तीन रोलर. रोलरचा शाफ्ट, म्हणजे दांडा, २५ मिलिमीटरचा, ब्राँझच्या बुशमध्ये (दांड्याला धरणाऱ्या नळकांड्यात) फिरणारा. मी संगणकावर ड्रॉइंग काढलं, भोकाला कॅपिटल एच७ आणि शाफ्टला स्मॉल एच६ असे, माप किती कमी-जास्त चालेल ते सांगणारे ठरीव कोड लिहून मोकळा झालो. म्हणजे शाफ्ट २४.९८७ ते २५.००० च्या मध्ये हवा. तेरा मायक्रॉनची जागा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पडद्यावर दोन अक्षरं टाइप करायला दोन सेकंद लागली. एच६ एरवी ग्राइंडिंगचं, म्हणजे दगडाने घासून फिनिश करण्याचं काम, हे पुस्तकात वाचलं होतं, पण लिहिताना आठवलं नाही.

लेथवर त्या दोन सेकंदांची सगळी दुपार झाली. रफिंग झालं, मग फिनिशिंगचे बारीक बारीक कट. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला की थोडा जास्त, पुन्हा कट, पुन्हा माप. शेवटी २४.९९० आलं. तीन ठिकाणी, दोन दिशांना मोजलं. सगळीकडे तेच. शाफ्ट हाताला जेमतेम कोमट लागत होता. मी समाधानाने तो मोजमापाच्या खोलीत ठेवला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तोच शाफ्ट २४.९८४ भरला.

मी मायक्रोमीटर पुन्हा शून्यावर तपासला. चूक मायक्रोमीटरची नव्हती. मापाचं आंतरराष्ट्रीय तापमान २० अंश सेल्सिअस, ती खोलीही तेवढ्यावर राखलेली. पोलाद एका मीटरला, एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. हिशेब मांडला. २५ मिलिमीटरचा शाफ्ट २० अंशांनी जास्त गरम असेल तर वाढ पावणेसहा मायक्रॉन. काल मी शाफ्टबरोबर त्याची ऊबही मोजली होती. तेरा मायक्रॉनच्या जागेतली जवळपास निम्मी ऊबेनेच खाल्ली होती. तपासणीच्या कागदावर मीच 'नापास' लिहिलं. लिहिताना घशात आवंढा आला, खोटं कशाला सांगू.

प्रशिक्षकांनी शाफ्ट हातात घेतला, बुशमध्ये घालून फिरवला आणि एकच प्रश्न केला, "हा हाताने फिरणार आहे ना? मग एच६ कशासाठी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तक्ता पुढे सरकवला. बुशमध्ये तेल घेऊन मोकळा फिरायचा शाफ्ट असेल तर एफ७ पुरतं. म्हणजे २४.९५९ ते २४.९८०. तेलाला जागा मिळते, आणि करणाऱ्याला तेराऐवजी एकवीस मायक्रॉन मिळतात. मी आकडे बघत राहिलो. माझ्या कागदावर बारीक झाला म्हणून नापास केलेला शाफ्ट, ड्रॉइंग बरोबर असतं तर, अजून चार मायक्रॉन जाडच होता!

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आम्ही तर प्रत्येक मापाला प्लस-मायनस झिरो पॉइंट झिरो वन लिहून टाकतो." मीही तेच करत होतो रे. आता मात्र ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी तफावत, लिहिताना लेथजवळ उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, कारण ती दुपार मी स्वतः काढली आहे.

ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती काढली. बदलाच्या चौकटीत 'एच६ ऐवजी एफ७, हाताने फिरणारा शाफ्ट, तेलासाठी जागा' असं कारण लिहिलं. शाफ्ट पुन्हा लेथवर लावला, बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासला. या वेळी मोजायची घाई केली नाही. पुसून रात्रभर त्या खोलीत ठेवला.

सकाळी २४.९७१. बुशमध्ये तेलाचे दोन थेंब सोडले, शाफ्ट आत सरकवला आणि बोटाने टिचकी मारली. तो बराच वेळ फिरत राहिला.