चित्रपट डाकारचा, चावी पॅरिसची

सकाळी सव्वानऊला हॉलच्या सर्व्हरवर चित्रपटाच्या फाइलीच्या नावापुढे कुलपाचं चिन्ह होतं आणि ते काही केल्या जाईना. संध्याकाळी साडेसहाला पुण्यातल्या आमच्या फिल्म सोसायटीत सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांचा ‘मंडाबी’ (१९६८) दाखवायचा होता, मराठी टायटलांसह, म्हणजे संवादांच्या लेखी भाषांतरासह. मराठी टायटलं करण्याचं आणि ती चालवण्याचं काम माझ्याकडे.

डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची चित्रपटाची डिजिटल प्रत, ड्राइव्हवरून आदल्या दिवशी सर्व्हरवर चढवून झाली होती. ९२ मिनिटांचा चित्रपट, शंभर-सव्वाशे जीबी. ड्राइव्ह लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, त्यामुळे साध्या विंडोज लॅपटॉपला लावली तर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारते आणि घाईत कोणीतरी ‘हो’ म्हणतो. ते टळलं होतं, फाइलींची पडताळणीही बिनचूक होती. अडलं होतं केडीएमपाशी.

केडीएम म्हणजे चावी. मेलने येणारी काही केबींची फाइल. ती एका चित्रपटाच्या एकाच आवृत्तीसाठी, एकाच मुदतीसाठी आणि मुख्य म्हणजे एकाच सर्व्हरच्या मीडिया ब्लॉकसाठी, म्हणजे चित्रपट उलगडून दाखवणाऱ्या भागासाठी बनते. प्रत्येक ब्लॉकचं स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि चावी त्या प्रमाणपत्राने बंद केलेली असते. शेजारच्या हॉलमधल्या, अगदी त्याच मॉडेलच्या सर्व्हरवरही ती चालत नाही. मेनूमधला सिरियल नंबर आणि चावीतला नंबर शेजारी ठेवून वाचले, तेव्हा शेवटचे चार आकडे जुळेनात. दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीत हॉलचा मीडिया ब्लॉक बदलला होता. आम्ही वितरकाला पाठवलेलं प्रमाणपत्र गेल्या वर्षीच्या फोल्डरमधलं. चूक सरळ आमची. प्रमाणपत्र दरवेळी सर्व्हरमधून नव्याने काढायचं असतं, पेन ड्राइव्ह लावून दोन मिनिटांचं काम आहे, आणि म्हणूनच ते राहून जातं.

नवं प्रमाणपत्र काढून साडेनऊला मेल केली. वितरक पॅरिसचा. फेब्रुवारीत पॅरिस आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे तिथे पहाटेचे पाच. दुपारी दीड-दोनच्या आत उत्तराची आशा नाही. चित्रपट डाकारचा, भाषा वोलोफ, दिग्दर्शक सेनेगलचा, आणि चावी मात्र पॅरिसहून. पश्चिम आफ्रिकेतले जुने चित्रपट आणायला लागलात की हे रोजचंच. निर्मितीचा पैसा बऱ्याचदा फ्रान्सचा, लॅब तिथली, निगेटिव्ह तिथे, त्यामुळे हक्कही तिथे. ‘मंडाबी’लाही फ्रेंच पैसा होता आणि तो वोलोफ व फ्रेंच अशा दोन आवृत्त्यांत चित्रित झाला. आपण मागवताना वोलोफ आवृत्तीच हवी हे लेखी कळवावं लागतं.

‘मराठी टायटलं डीसीपीतच का नाही टाकत?’ हे हॉलचा मॅनेजर दरवेळी विचारतो. दोन कारणं. डीसीपी कुलूपबंद असेल तर तिच्यावर बेतलेली नवी आवृत्ती करायला मूळ चाव्या लागतात आणि एका खेळासाठी त्या कोणी देत नाही. दुसरं कारण देवनागरी. टायटलं मजकूर म्हणून दिली तर अक्षरं जुळवण्याचं काम सर्व्हरवर पडतं आणि पुष्कळ सर्व्हरना ते जमत नाही. ‘किती’ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘मुखत्यारपत्र’मधला त्य फुटून पाय मोडलेला त आणि य वेगळे दिसतात. मग प्रत्येक टायटलाचं चित्र करून द्यावं लागतं. त्यापेक्षा पडद्याखालची पट्टी बरी.

पट्टी म्हणजे पडद्याच्या खालच्या कडेला ताणलेलं काळं सुती कापड, सहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर उंच. त्यावर दुसऱ्या, लहान प्रोजेक्टरने मराठी टायटलं. कापडाला इस्त्री हवी, नाहीतर शिरोरेघ लाटांसारखी दिसते. साध्या प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, राखाडी उजेड पडद्यावर सांडतो आणि रात्रीची दृश्यं धुवून निघतात. म्हणून भिंगासमोर काळ्या कार्डबोर्डची खाच करतो, फक्त पट्टीपुरता प्रकाश जाईल एवढी. दिवा इको मोडवर, अक्षरं पांढरीशुभ्र न ठेवता फिकट पिवळी. शेवटची रांग वीस मीटरवर होती, तिथून नीट वाचायला अक्षर पंधरा सेंटिमीटर उंच लागलं. एका टायटलात दोनच ओळी, ओळीत ३५-३६ अक्षरं, आणि सेकंदाला १२-१३ अक्षरांपेक्षा जास्त वाचायला लावायचं नाही.

चावी येईपर्यंत तालीम ऑनलाइन प्रतीवर केली. ती सेकंदाला २५ फ्रेमची, डीसीपी २४ची. म्हणजे ९२ मिनिटांचा चित्रपट ८८ मिनिटांत आटोपतो आणि टायटलं अंगावर धावून येतात. वेळ लावून आपोआप चालणारी फाइल असती तर शेवटापर्यंत साडेतीन मिनिटांहून जास्त फरक पडला असता. आम्ही हाताने चालवतो, एक टायटल, एक स्पेसबार. वोलोफ आम्हाला येत नाही, त्यामुळे इशारा घ्यायचा तो चित्रावरच्या इंग्रजी टायटलावरून. माझ्या कागदावर प्रत्येक मराठी ओळीपुढे तिच्या इंग्रजी ओळीचे पहिले दोन शब्द असतात, कारण दोन इंग्रजी ओळींची कित्येकदा एकच मराठी ओळ होते आणि नुसत्या मोजणीवर गेलात की फसलात.

या तालमीत खरी चूक सापडली.

गोष्ट थोडक्यात: डाकारमधला इब्राहिमा जेंग, बेकार, दोन बायका, सात मुलं. पॅरिसमध्ये रस्ते झाडणाऱ्या अब्दूकडून त्याला २५,००० फ्रँकची मनीऑर्डर येते. त्यातले २०,००० अब्दूसाठी सांभाळून ठेवायचे, ३,००० अब्दूच्या आईला, २,००० जेंगला. पोस्टात ओळखपत्र मागतात. ओळखपत्राला जन्माचा दाखला, फोटो आणि तिकीट. दाखल्याला जन्मतारीख. ती कुणाला ठाऊक?

इंग्रजी टायटलांत अब्दू जेंगचा ‘नेफ्यू’. मी ‘पुतण्या’ लिहून मोकळा झालो होतो आणि पत्र वाचलं जातं तिथे ‘काका’. पुढे अब्दूची आई हिस्सा घ्यायला येते, ती जेंगची बहीण. म्हणजे अब्दू भाचा आणि जेंग मामा. दोन महिने तीच फाइल उघडत होतो, पण पत्र आणि बहीण यांच्यामध्ये शे-दोनशे टायटलं आहेत, तुकड्यांत काम करताना दोन्ही एकदम डोळ्यांसमोर आली नाहीत. इंग्रजीतून केलेल्या भाषांतराचा हा नेहमीचा खड्डा. वोलोफला हा फरक नीट कळतो, मामाला तिथे ‘निजाय’ असा वेगळा शब्द आहे. गंमत म्हणजे बायको नवऱ्यालाही मानाने ‘निजाय’ म्हणते, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबलो असतो तरी घोळच झाला असता. बायकांच्या तोंडी मी ‘अहो’ ठेवलं. जेंगच्या बहिणीला त्या दोघी इंग्रजीत नुसतं ‘यू’ म्हणतात. तिथे ‘वन्सं’ घातलं.

काका-मामा दुरुस्तीत अकरा टायटलं बदलली. शोधा-आणि-बदला वापरलं नाही, कारण गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनाही आम्ही ‘काका’ केलं होतं आणि ते सगळे मामा झाले असते.

तिकिटाचंही तसंच. ओळखपत्राच्या अर्जाला लागणारं पन्नास फ्रँकचं सरकारी तिकीट. नुसतं ‘तिकीट’ म्हटलं तर, दृश्य पोस्टाजवळचं असल्याने, लोक टपालाचं समजतील. ‘मुद्रांक’ बरोबर आहे, पण जेंगच्या तोंडी शोभत नाही. ‘रेव्हेन्यूचं तिकीट’ केलं. शेवटी म्बाय नावाचा शिकलेला नातलग त्याच्याकडून कागद करून घेतो, त्याला मात्र ‘मुखत्यारपत्र’च. हा शब्द ऐकून पोटात गोळा येईल असे लोक आमच्या प्रेक्षकांत भरपूर.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी चावी आली. मेलमध्ये एक वाक्य होतं आणि ते आम्ही दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं: मुदत संध्याकाळी पाच ते मध्यरात्र. म्हणजे पाचपर्यंत कुलूप तसंच. पूर्ण तालीम गेली. दरवाजे सहाला उघडायचे. चावी मागतानाच ‘आदल्या दिवशी सकाळपासून’ असं लिहायचं असतं, आणि घाईच्या मेलमध्ये नेमकं तेच राहिलं.

मधल्या वेळात माहितीपत्रक छापून घेतलं. ए-फोर कागद, मधोमध घडी, पडद्यामागच्या लोकांना अर्धं पान. यावर मी अडून बसतो, कारण आफ्रिकी चित्रपटाची ओळख करून देताना दिग्दर्शकाचं एक नाव सांगून लोक थांबतात. छायाचित्रण पॉल सुलिन्याक यांचं. निर्मितीच्या कामात सेंबेन यांच्या पाठीशी वर्षानुवर्षं उभे होते पोलाँ सुमानू व्हिएरा. आजच्या बेनिनमधल्या पोर्तो-नोव्हो इथे जन्मलेले, पॅरिसच्या फिल्म संस्थेत शिकलेले पहिले आफ्रिकी विद्यार्थी. १९५५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘आफ्रीक-स्युर-सेन’ हा चित्रपट पॅरिसमध्येच चित्रित केला, कारण १९३४च्या वसाहती फर्मानानुसार आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत कॅमेरा लावायला सरकारी परवानगी लागे. पुढे सेंबेन यांच्या ‘चेड्डो’चं चित्रीकरण कसं होतं यावर व्हिएरांनी माहितीपटही केला.

नावांची लिपी हा वेगळाच व्याप. फ्रेंच स्पेलिंगमधला ‘डी-आय’ हा पुष्कळ वोलोफ नावांत ज असतो: जेंग, जोप, न्जाय. पहिल्या खर्ड्यात आमचा नायक ‘डिएंग’ होता. मुख्य भूमिकेतले नट माखुरेजा गेय, तेही आधी ‘माखुरेडिया’ झाले होते. शुद्धलेखनावरून इतका कीस कशाला, असं सोसायटीतच एकाने विचारलं. ‘चेड्डो’ सेनेगलमध्ये अडकला तेव्हा सरकारने पुढे केलेलं कारण शीर्षकात एक ड की दोन, हेच होतं. शीर्षकाचंच बघा: ‘मंडा’ हा फ्रेंच ‘मांदा’, म्हणजे मनीऑर्डर, आणि ‘बी’ हे वोलोफमधलं ‘ती’. ती मनीऑर्डर. पत्रकावर तेच छापलं.

पाच वाजता कुलूप गेलं. पहिली दहा मिनिटं, मधली पाच, शेवटची पाच एवढंच बघता आलं. चित्र १.६६ : १ प्रमाणातलं, ‘फ्लॅट’ या थोड्या जास्त रुंद चौकटीत दोन्ही बाजूंना काळी पट्टी सुटते. ती बघून ऑपरेटर चित्र ताणून मोठं करायला निघाला होता, त्याला थांबवलं. तसं केलं की वरची डोकी आणि खालची इंग्रजी टायटलं दोन्ही कापली जातात, आणि टायटलं गेली की माझा इशारा गेला.

खेळ वेळेवर सुरू झाला. पत्राच्या जागी आकडे लागोपाठ येतात आणि चित्रात पॅरिसमध्ये झाडू मारणारा अब्दू. तिथे आकडे अक्षरांत न लिहिता अंकांत ठेवले होते, वाचून चित्राकडे बघायला वेळ उरला. ‘वन्सं’वर हॉल हसला. इंग्रजी वाचणाऱ्या दोघा-तिघांनी मान वळवून पाहिलं.

फोटोवाल्याशी झटापट होते तिथे माझं चुकलं. एकाच वेळी तिघे बोलतात, इंग्रजी टायटल एकाचंच येतं, आणि मी स्पेसबार दोनदा दाबला. अशा वेळी मागे येण्याची धडपड करायची नाही. काळी स्लाइड टाकायची, कागदावर जागा शोधायची, पुढच्या स्पष्ट ओळीवर उडी मारायची. चार टायटलं गेली. लोकांना जेंगचं रक्ताळलेलं नाक दिसत होतं, तिथे फारसं बिघडलं नाही. मुखत्यारपत्राच्या जागी मागच्या रांगेतून ‘सही नको करूस’ असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं.

खेळ संपल्यावर रत्नागिरीच्या एका मंडळाचे दोघे भेटले. मुंबईच्या मनीऑर्डरीवर ज्यांची घरं चालली त्या गावांत हा चित्रपट दाखवायचा त्यांचा विचार होता. डीसीपीचा हॉल नाही, ब्लू-रे चालेल का? चालेल, पण प्रदर्शनाचं लेखी परवानगीपत्र आधी हवं, घरी बघायची प्रत गावात लावता येत नाही. आणि ब्लू-रे २३.९७६ फ्रेमने चालतो, आपोआप चालणारी फाइल डीसीपीच्या वेळेवर बांधली तर ती शेवटी साडेपाच सेकंद आधी पळते, म्हणून ताणून देऊ. काळी पट्टी आमचीच घेऊन जा, म्हटलं. फक्त धुऊ नका, रंग उतरतो.