आमच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे का नसतात?

आमच्या शाळेत दर १० डिसेंबरला होणाऱ्या फौजींच्या सत्काराचे फोटो पाहिले की कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, यंदा प्रमुख पाहुणे कोण होते?" कोणीच नव्हतं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "का बरं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी पाहुणे होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात गल्लीगणिक एक तरी फौजी सापडतो. १९७१च्या लढाईत असलेल्यांचा शाळेत सत्कार करायचं आम्ही ठरवलं. त्यातले सगळ्यात धाकटेही सत्तरी ओलांडलेले. वेळ अकराची दिली होती, तर ही मंडळी फौजेतल्या सवयीनं साडेदहालाच हजर. इस्त्रीचे कपडे, छातीवर मेडलं. पाहुणे आले सव्वा वाजता. तोवर हे सगळे बिनहाताच्या खुर्च्यांवर उन्हात बसून होते. मग नाव पुकारा, शाल, श्रीफळ, फोटो, पुढचा. एका आबांना स्टेजच्या पायऱ्या चढवेनात. दोन पोरांनी त्यांना काखेत हात घालून वर नेलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. त्यांच्या नावापुढे 'पश्चिम आघाडीवर लढलेले' असं मी ठणठणीत आवाजात वाचलं. कुणीतरी सांगितलेलं कागदावर उतरवलं होतं, त्यांना स्वतःला विचारलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ते आबा माझ्याजवळ आले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बाई, आमची पलटण जमालपूरला व्हती. पूर्वेला." जमालपूर म्हणजे आताच्या बांगलादेशातलं. एवढं सांगून त्यांनी छातीवरच्या एका मेडलवर बोट ठेवलं. ते 'पूर्वी स्टार' होतं. १९७१ला पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार मिळालं, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर ते छातीवर लावून अडीच तासांहून जास्त वेळ माझ्यासमोर बसले होते. इतिहास शिकवणाऱ्या बाईला ते वाचता आलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. आबा १ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे 'जंगी पलटण'चे. तेव्हा पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि ढाक्याकडे जाणारी वाट अडवून बसली. शहरात पाकिस्तानची '३१ बलुच' ही पलटण अडकली होती. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवलं. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती, आणि पुढच्या वेळी हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी, अशा अर्थाचा मजकूर. १०च्या रात्री बलुचचे जवान कोंडी फोडायला बाहेर पडले ते थेट जंगी पलटणीच्या ठाण्यांवर आले. ११ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलजवळ आपले छत्रीधारी सैनिक उतरले होते. दुसऱ्या दिवशी पुंगलीच्या पुलाजवळ जंगी पलटण त्यांना जाऊन मिळाली. १६ला ढाका पडलं.

हे सगळं पुस्तकातही मिळतं. आबांनी जे सांगितलं ते वेगळं होतं. त्या रात्री थंडीनं बोटं वळत नव्हती. अंधारात पुढून येणारी पावलं ऐकू येत होती, माणसं दिसत नव्हती. हुकूम होता, जवळ येईपर्यंत गोळी चालवायची नाही. एवढं बोलून ते थांबले आणि सुनेला म्हणाले, "बाईंना च्या दे."

तेव्हापासून पाहुणे बोलावणं बंद. ज्यांचा दिवस आहे त्यांनी दुसऱ्या कुणाची वाट बघत बसायचं, हे मला पटत नाही. आता स्टेजही नसतं. हाताच्या खुर्च्या असतात, म्हणजे उठताना आधार मिळतो, आणि सत्कार करणारा त्यांच्यापाशी जातो. फटाके नाहीत. प्रत्येकाच्या घरी महिनाभर आधी मुलं वही घेऊन जातात. हुद्दा, पलटण, ठिकाण लिहितात आणि लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवतात.

औक्षणाचंही सांगायला हवं. ते कोण करणार यावरून दुसऱ्या वर्षी कुजबुज झाली, कारण मी ताट वीरनारींच्या हाती दिलं होतं. नवरा देशासाठी गेला म्हणून तिचा सन्मान करायचा आणि ओवाळायला मात्र सवाष्ण शोधायची, हे मला जमणार नव्हतं. पुढे २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा कुजबुजणाऱ्यांतल्याच एकीनं ती बातमी मला आणून दाखवली. आता त्यावर कोणी काही बोलत नाही.

मुलांना मी एकच गोष्ट बजावते: किती मारले, असं विचारायचं नाही. एकदा सातवीतल्या मुलानं विचारलं होतं. आबा बराच वेळ गप्प बसले आणि त्या दिवशी मग बोललेच नाहीत. त्याऐवजी विचारायचं, तुमच्या शेजारी कोण होतं? या प्रश्नाला मी अजून एकाही फौजीला गप्प राहिलेलं पाहिलं नाही. कोण कुठल्या गावचा, कोणाला बिडी लागायची, कोण घरच्या पत्राची वाट बघायचा, सगळं येतं. आबांच्या सेक्शनमधले, म्हणजे पलटणीतल्या त्यांच्या छोट्या तुकडीतले, तिघं परत आले नाहीत. त्यांची नावं आणि गावं मुलांच्या वहीत आहेत. एका गावाचं नाव चुकलं होतं, ते आबांनी स्वतः पेन घेऊन दुरुस्त केलं.

गेल्या वर्षी बोलायला उभं राहायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, आता माझं ध्यान ऱ्हात नाही, पोरानं वाचावं. आठवीतल्या मुलानं वही उघडून पहिलं नाव घेतलं. आबांनी काठी सुनेच्या हातात दिली. तिन्ही नावं संपेपर्यंत ते सावधानमध्ये उभे होते.