वाट पाहण्याचा प्रसंग

ती कादंबरी मी दहाव्या वर्षी पहिल्यांदा वाचली. नंतर इतक्या वेळा वाचली की पुस्तकाची शिवण उसवली. आई मंगळावर कामाला गेलेली, मुलगी पृथ्वीवर आजोबांजवळ, आणि दोघींचं बोलणं रेडिओवरून. एवढीच गोष्ट. तिच्यावर सहकुटुंब बघता येईल असा चित्रपट करायचं ठरलं आणि पटकथा माझ्याकडे आली, तेव्हा मी पहिला आठवडा काहीच लिहिलं नाही, नुसती वाचत बसले.

पुस्तक १९७६ च्या आधीचं, म्हणजे व्हायकिंग यानांनी मंगळावरून फोटो पाठवण्यापूर्वीचं. त्यातला सूर्यास्त लालभडक आहे. खरं तर तिथली बारीक धूळ प्रकाश अशा रीतीने विखुरते की मावळत्या सूर्याभोवती निळसर उजेड पसरतो. आम्ही तो निळा केला. तिथला दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, म्हणून मुलीच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत आणि आईची सकाळ रोज थोडी पुढे सरकते. ती घड्याळं मी भांडून ठेवून घेतली.

आणि मुख्य गोष्ट मात्र मीच काढून टाकली होती.

मंगळापर्यंत रेडिओ संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. दोन ग्रह एकमेकांपासून किती लांब आहेत त्यावर ते ठरतं. कादंबरीत १२ मिनिटं आहेत. म्हणजे विचारलेल्याचं उत्तर २४ मिनिटांनी. पुस्तकात ही वाट पाहणं पानंच्या पानं चालतं, पण ते सगळं मुलीच्या मनात. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा आमच्या कामातला हिशेब. माझा मसुदा १०२ पानांचा, त्यात २४ मिनिटांची शांतता कुठे बसवणार? मी दोघींना समोरासमोर बसल्यासारखं बोलायला लावलं. प्रसंग हसरे झाले, चटपटीत झाले. दिग्दर्शक खूश, निर्मातीबाई खूश. लहान मुलं कंटाळणार नाहीत, असं मीही स्वतःला सांगितलं.

मग रीडिंगचा दिवस आला. टेबलाभोवती सगळे नट, प्रत्येकाच्या हातात मसुदा. मुलीची भूमिका करणारी पोर अकरा वर्षांची. एकतिसाव्या पानावर ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आई लगेच कशी बोलते? ती तर लांब आहे ना?"

कोणीच काही बोललं नाही. माझ्याकडे उत्तर होतं: लांबी, गती, प्रेक्षक. पण तिने विचारलं होतं तेच मी तिच्या वयाची असताना पुस्तकातून शिकले होते. आई लांब आहे, म्हणजे नेमकी किती लांब? तर इतकी, की "आई" म्हटल्यावर २४ मिनिटं काहीच येत नाही.

दिग्दर्शक म्हणाले, "करून बघू." आईची भूमिका करणाऱ्या बाईंना शेजारच्या खोलीत बसवलं. सहायकाने मुलीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा आणि १२ मिनिटांनी तिकडे ऐकवायचा, तिकडचा तसाच इकडे. संवाद बाजूला ठेव, खरंच विचारावंसं वाटेल ते विचार, असं तिला सांगितलं. तिने खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं आणि विचारलं, "आई, ह्या झाडाची पानं पिवळी का पडलीत?"

घड्याळ लावलं.

पहिली दोनेक मिनिटं ती दाराकडे बघत राहिली. मग पाय हलवत बसली. मग आम्हाला विसरली. उठून कुंडीपाशी गेली, पानं उलटून बघितली, खाली कीड आहे का पाहिलं, हळूच मातीत बोट घातलं. बोट चिखलाने भरून आलं. येताजाता जो तो त्या झाडाला पाणी घालत होता. तिने कुंडीखालची थाळी काढली, साचलेलं पाणी ओतून दिलं, कुंडी उन्हात सरकवली. मी वहीत भराभर लिहीत होते. यातलं काही ना कादंबरीत होतं, ना माझ्या मसुद्यात, आणि तरी ती तीच मुलगी होती.

चोविसाव्या मिनिटाला उत्तर आलं. "बाळा, पाणी जास्त होत असेल. माती बघ बरं हात लावून."

पोर हसली नाही. फोन जवळ ओढून म्हणाली, "बघितली, आई. मी केलं."

संकलक इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "याचे मला ५० सेकंद द्या. जमिनीवरचं ऊन सरकताना दिसलं की पुरे." निर्मातीबाईंनी माझ्या मसुद्यातली चार पानं स्वतःच उलटी करून ठेवली.

मग चहा आला, गप्पा सुरू झाल्या. बऱ्याच वेळाने कुणाला तरी आठवलं की शेजारच्या खोलीत झालं म्हणून सांगितलंच नाही. मी गेले. बाई एकट्याच बसल्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"थांबा," त्या हळूच म्हणाल्या, "तिचं यायला अजून तीन मिनिटं आहेत."

कादंबरी सगळी मुलीच्या बाजूने लिहिलेली आहे. तिकडे आई काय करत असते, ते त्यात कुठेच नाही. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसले.