मांडवी एक्सप्रेसमधला काकुरो: तिसऱ्या फेरीची नोंद

यंदाची गावची तिसरी फेरी परवा झाली. ठाण्याला मांडवीत बसले ती सावंतवाडीला उतरेपर्यंत पाच काकुरो पुरे झाले, सहावं अर्धं राहिलं. काकुरो म्हणजे आकड्यांचं शब्दकोडं: प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीची बेरीज दिलेली असते, ती जमेल असे १ ते ९ मधले अंक, एका ओळीत एकही परत न आणता, घरांत भरायचे. जानेवारीत याच प्रवासात दोन झाले होते, एप्रिलमध्ये तीन. पुस्तक तेच, कोडी बारा बाय बाराचीच, त्यामुळे तुलना रास्त आहे.

फरक पडला तो कच्च्या नोंदी सोडल्यामुळे. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात शक्य ते बारीक आकडे लिहून ठेवायची सवय मला सुडोकूने लावली. घरी टेबलावर ते ठीक आहे. गाडीत मात्र हात हलतो, १ आणि ७ सारखेच दिसतात. जानेवारीत अशाच चुकीच्या वाचलेल्या सातामुळे अख्खं कोडं खोडावं लागलं होतं. मोबाईलवरही सोडवून पाहिलं, पण तिथे चुकलेला आकडा लगेच लाल होतो, मग पुढचा विचार करायचं कारणच उरत नाही. म्हणून शिसपेन्सिल, खोडरबर आणि पुस्तकाखाली धरायला जाड पुठ्ठा, एवढंच सामान.

नोंदी नकोत तर ठरावीक बेरजा पाठ हव्यात. दोन घरांत ३ म्हणजे १-२ आणि ४ म्हणजे १-३. १६ म्हणजे ७-९ आणि १७ म्हणजे ८-९. तीन घरांत ६, ७, २३, २४. चार घरांत १०, ११, २९, ३०. या सगळ्यांना एकच जोडणी चालते. एप्रिलमध्ये पनवेलच्या आसपास लक्षात आलं की पाठांतर निम्मंच करायचं आहे. प्रत्येक अंक दहातून वजा केला की लहान बेरजेची मोठी जोडी मिळते. १-२-४ चे ७, तर ९-८-६ चे २३. लहान आणि मोठी बेरीज मिळून दोन घरांत २०, तीन घरांत ३०, चार घरांत ४०. हे सापडलं तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

मग छेद दिसायला लागतात. आडवे १६ दोन घरांत, उभे २३ तीन घरांत. ७-९ आणि ६-८-९ यांत सामाईक फक्त ९. छेदाचं घर ९, शेजारचं ७, एकही नोंद न लिहिता. आठ घरांची लांब ओळ आली की मी आता घाबरत नाही. ४५ मधून बेरीज वजा करायची, उरेल तो अंक त्या ओळीत नाही.

या फेरीतली खरी कमाई वजाबाकीची. चौथ्या कोड्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या ओळींची मिळून बेरीज ३९ होती आणि त्यांना छेदणाऱ्या तीन उभ्या ओळींची ३४. घरं तीच, फक्त आडव्यांत एक घर जास्तीचं. म्हणजे ते घर ५. बाकी कोपरा पूर्ण कोरा असताना तो पाच लिहिताना हात थोडा थांबला होता, पण तो बरोबर निघाला.

सराव म्हणून एक पद्धत ठेवली आहे. उक्शी गेलं की करबुडेचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. तिथे पुस्तक मिटायचं आणि एक कोपरा डोक्यातच सोडवायचा. भोके स्टेशन आलं की उघडून लिहायचं. एप्रिलमध्ये बोगदा संपेपर्यंत दोन घरं धरून ठेवता आली होती, परवा पाच.

समोरच्या आजींनी विचारलं, "ह्या काय सोडवतंस गो चेडवा?" नियम सांगितले: एका ओळीत अंक परत येत नाही, शून्य नाही, बेरीज जमली पाहिजे. हे कोडं अमेरिकेत क्रॉस सम्स नावाने छापलं जायचं आणि काकुरो हे नाव जपानच्या निकोली प्रकाशनाकडून आलं, कासान म्हणजे बेरीज आणि कुरोसु म्हणजे क्रॉस, हेही सांगितलं. त्या जन्मभर दुकानात बसलेल्या. कणकवलीपर्यंत उभ्या ओळी त्यांच्या, आडव्या माझ्या. पाचव्या कोड्यातली शेवटची तीन घरं त्यांचीच आहेत.

सहाव्यात अडले ती मधल्या बेरजांवर. तीन घरांत १५ आठ प्रकारे होतात, चार घरांत २० बारा प्रकारे, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात नेमक्या ह्याच दोन एकमेकींना छेदतात. वजाबाकी तिथे लागत नाही, कारण दोन घरं बाहेर राहतात. त्या दोन घरांची बेरीज ११ आहे, इथवर पोहोचले आहे. बाहेरची घरं एकाहून जास्त असताना तुम्ही कुठून सुरुवात करता, ते जरूर सांगा. गणपतीचं खिडकीचं तिकीट मिळालं आहे. पावसाळी वेळापत्रकात गाडी सावकाश जाते, तेव्हा सहावं तिथेच पुरं करेन. तोवर ते पान घरी उघडायचं नाही असं ठरवलं आहे.