चार फुटी बाथरूममधील व्हॅनिटी: माझा अनुभव

नागपुरात मानेवाड्याकडे आमचे घर आहे आणि त्यातील बाथरूम जेमतेम चार फूट रुंद व साडेसहा फूट लांब आहे. तेथील बेसिनखालचे जुने कपाट गेल्या पावसाळ्यात तळापासून फुगले, दार बिजागरीतून निखळले आणि आतला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) बोटाने दाबला तरी ओल्या भुशासारखा सुटू लागला. ते काढताना सुतारमिस्त्रींनी खालची कड मला दाखवली आणि म्हणाले, “ताई, पाणी वरून नाही लागत, खालून चढते.” नव्या व्हॅनिटीविषयीचे, म्हणजे बेसिन व त्याखालच्या कपाटाविषयीचे, माझे बहुतेक निर्णय या एका वाक्यावरून ठरले.

मात्र सर्वांत आधी प्रश्न मापाचा होता. दुकानात पसंत पडलेली व्हॅनिटी अठरा इंच खोल होती. मी त्या मापाचे जुने खोके दाराशेजारच्या भिंतीला लावून ठेवले, तेव्हा आत उघडणारे दार त्याच्या कोपऱ्यावर घासू लागले. खोके चौदा इंचांपर्यंत कापल्यावर दार सहज उघडले आणि बादली घेऊन उभे राहण्यापुरती जागाही उरली. बेसिनच्या काठाची उंची साधारणपणे बत्तीस इंच ठेवतात. आमच्या सासूबाईंची उंची कमी असल्यामुळे त्यांना तेथे उभे करून, तोंड धुण्याचा अभिनय करायला लावून, आम्ही ती एकतीस इंचांवर आणली. विकत आणण्यापूर्वी असा एक दिवस खर्च करणे मला फार मोलाचे वाटते, कारण टाइल्सना भोके पाडल्यानंतर एक इंचही सरकवता येत नाही.

साहित्यासाठी आम्ही लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, गेलो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, लाकूड सुकून आकसते आणि सांधे उघडे पडतात. मग जुलैच्या दमट हवेत तेच लाकूड त्या फटींतून ओलावा ओढून घेते. त्यामुळे साधे एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) मी विचारातच घेतले नाही. डब्ल्यूपीसी बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी, पाण्याने फुगत नाही, पण त्यात स्क्रूची पकड प्लायइतकी भरवशाची नसते, असे मिस्त्रींचे मत होते. शेवटी आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवुड, घेतला. त्याच्या चिकटवणीची चाचणी 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून करतात. तरीही कापलेली कड उघडी राहिली तर उत्तम प्लायदेखील पाणी पितो. म्हणून खालच्या कडा, मागची बाजू आणि विशेषतः पाइपांसाठी पाडलेली भोके माझ्यासमोर सील करून घेतली. ही भोके पाइपामागे झाकली जातात आणि घाईत कारागीर नेमके तेच विसरतात.

कपाट जमिनीवर न ठेवता, फरशीपासून दहा इंच वर, नऊ इंच जाडीच्या भिंतीला अँकर फास्टनरने (भिंतीत घट्ट बसणाऱ्या बोल्टने) टांगले. रोज बाथरूम धुतले जाणाऱ्या आपल्या घरांत पाय असलेले कपाट टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे. बेसिन आणि भिंतीमधील फटीत बुरशीरोधक सिलिकॉन भरल्यावर चोवीस तास तेथे पाण्याचा थेंब पडू दिला नाही.

एवढी काळजी घेऊनही दुसऱ्याच आठवड्यात गळती झाली. बॉटल ट्रॅपखाली (बेसिनखालच्या पाइपातील, पाणी अडवून नाल्याचा वास रोखणारा बाटलीसारखा भाग) मी पांढरा कागद अंथरून ठेवला होता. त्यावर रुपयाएवढा पिवळसर डाग दिसला. वेस्ट कपलिंगचे, म्हणजे बेसिनच्या निचऱ्याच्या भोकातील जोडणीचे, वॉशर तिरके बसले होते. ते दहा मिनिटांत बदलून झाले. कागद नसता तर ती ओल आम्हाला प्लाय फुगल्यावरच कळली असती.

आमच्याकडे बोअरचे पाणी जड असल्याने नळाच्या बुडाशी पांढरे क्षार साचतात. त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवते आणि नंतर साध्या पाण्याने धुते. काठ संगमरवरी असेल तर मात्र हा उपाय करू नये, दगडाची चकाकी जाते. अॅसिड तर बाथरूममध्ये येऊच देत नाही, कारण त्याच्या वाफेने स्टीलच्या बिजागऱ्याही गंजतात. रात्री शेवटचा माणूस काठ कोरडा पुसतो आणि कपाटाचे दार थोडे उघडे ठेवतो.

उन्हाळ्यात घर महिनाभर बंद असले की ट्रॅपमधील पाणी आटून नाल्याचा वास आणि झुरळे वर येतात. म्हणून या मे महिन्यात गावी निघताना मी बेसिनमध्ये मगभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडेतेल ओतले. जूनमध्ये परतल्यावर कपाट उघडून पाहिले, तर आत वास नव्हता आणि कागद कोरडा होता.