ड्रॉइंगवर नसलेली वाफेची लाइन

चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यातून ऐन गळीत हंगामात बोलावणं आलं. बॉइलरचं प्रेशर सारखं खाली-वर होतंय, टर्बाइन डोलतंय, मधूनच मिल थांबवावी लागतेय. सगळ्यांचं बोट बॉइलरकडे. बगॅस (उसाचा चोथा) ओलं, फायरमन नवा, कारणं तयारच होती.

कारखान्यात वाफ सरळ रेषेत जात नाही. बॉइलरची वाफ टर्बाइन फिरवते; तिथून निघालेली साधारण दीड किलो दाबाची एक्झॉस्ट रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरला जाते; तिथे रसातून निघणारी वाफ, म्हणजे व्हेपर, ज्यूस हीटरला आणि साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनला. एक्झॉस्ट कमी पडली की पीआरडीएसचा, म्हणजे वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेचा, व्हॉल्व्ह बॉइलरची वाफ थेट खाली सोडतो, म्हणजे पॅनवरचा हिसका फिरून बॉइलरवरच येतो. त्यात इंधन म्हणजे बगॅस, तेही मिलमधूनच.

डीसीएसमधून, म्हणजे कारखान्याच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेतून, डेटा काढला. प्रत्येक सिग्नल दुसऱ्या प्रत्येकाशी जुळत होता, म्हणजे हाती काहीच नाही. ‘आधी कोण हलतं ते बघा,’ चीफ इंजिनिअर म्हणाले. पण लाट ठरावीक वेळाने परत येत असेल तर पाव चक्कर पुढे असणारा पाऊण चक्कर मागेही असू शकतो. गोल रिंगणात पळणाऱ्यांत पहिला कोण, हे फोटोवरून कुठे कळतं! एकाचा भूतकाळ जमेला धरल्यावर दुसऱ्याचा अंदाज सुधारतो का, ही अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांची १९६९ सालची कसोटी मी मानतो. पण दोघांना ढकलणारा तिसरा मोजलाच नसेल तर तीही फसते. तेव्हा स्वतः ढकलून बघणं आलं.

परवानगी घेऊन पीआरडीएस मॅन्युअलवर घेतला आणि व्हॉल्व्ह दोन-दोन टक्के खाली-वर केला, आधीच ठरवलेल्या पण कसलीही लय नसलेल्या क्रमाने. या क्रमाचा कारखान्यातल्या कशाशीच संबंध नाही. त्याच्या मागोमाग जे हललं ते व्हॉल्व्हमुळेच. व्हॉल्व्हपासून दोन्ही हेडरपर्यंतचं (बॉइलरच्या आणि एक्झॉस्टच्या वाफेच्या मुख्य पाइपांपर्यंतचं) गणित बसलं. बॉइलर नुसता उत्तर देत होता.

एक्झॉस्ट प्रेशरमधून या गणिताचा भाग वजा केला तरी खड्डे उरले. इव्हॅपोरेटरमार्गे आलेला धक्का सावकाश, पसरट यायला हवा. हे काही सेकंदांत खोल जात होते. पॅन फ्लोअरची लॉगबुकं कन्नडमधली, ऑपरेटरने शेजारी बसून वेळा वाचून दाखवल्या. बहुतेक प्रत्येक खड्ड्यापाशी तीन नंबरचा पॅन सुरू झालेला.

ड्रॉइंगवर पॅनला एक्झॉस्टची लाइनच नव्हती. पॅनमन मामांना विचारलं.

‘हाय की साहेब! व्हेपर कमी पडतंय म्हणून मागं टाकल्याली. पण व्हॉल्व्ह बंदच असतोय.’

वर जाऊन बघितलं. चाक घट्ट बंद, पण पुढच्या, आवरण नसलेल्या फ्लँजजवळ (पाइपच्या जोडाजवळ) तळहात नेला तर धग लागत होती. गेट झिजून व्हॉल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही वाफ पुढे सोडत होता. पॅन बंद असताना कॅलेंड्रियात, म्हणजे पॅनच्या वाफेने तापणाऱ्या भागात, वाफ नुसती कोंडून राहायची. पॅनमध्ये सिरप घेतलं की ती थंड होऊन तिचं पाणी व्हायचं आणि एक्झॉस्ट हेडरमधून आणखी वाफ ओढली जायची.

पुढच्या क्लीनिंगला त्या लाइनला ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) मारला. मोठा झोका गेला. बारीक लाट अजून आहे, ती माझ्या मते पीआरडीएसच्या ट्यूनिंगची. पॅनच्या व्हॉल्व्हना पोझिशन स्विच बसवायचं चीफसाहेबांनी कबूल केलंय, म्हणजे पॅन कधी सुरू झाला ते थेट डेटातच येईल.